कोल्हापूरहून नर्सिंग करून इंग्लंडला नोकरीला जातेय. सुंता झालेली (जननेंद्रियाचा भाग कापलेली किंवा शिवलेली) मुलगी पेशंट म्हणून आली, तर पोलिसांना कळवावं लागतं का?

हो, मुलगी १८ वर्षांखालची असेल तर तुम्हाला स्वतःलाच कळवावं लागतं, वॉर्डच्या सिस्टरला सांगून सुटका होत नाही. मी कोल्हापूरचीच, तिकडे काही वर्षं मिडवाइफ होते, त्यामुळे नियम पाठ आहे. ३१ ऑक्टोबर २०१५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नर्स, डॉक्टर, शिक्षकांना हे बंधन आहे: मुलीनं स्वतः सांगितलं किंवा तपासताना दिसलं, की पोलिसांच्या १०१ नंबरवर फोन, शक्यतो पुढच्या कामाच्या दिवसाअखेर. नुसता संशय असेल किंवा बाई सज्ञान असेल, तर हा नियम लागू नाही. पण तिला लहान मुलगी असेल तर सेफगार्डिंगच्या (मुलांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या) टीमला विचाराच, कारण मुलीला सुट्टीत मायदेशी नेऊन सुंता करून आणणं हाही २००३ च्या कायद्यानं तिथं गुन्हाच.

खरी परीक्षा बोलण्याची असते. सोमाली बाईपुढे ‘म्युटिलेशन’ (अंग छाटणं; सुंतेचा तिथला सरकारी शब्द) हा शब्द काढलात की ती गप्प होते. ‘लहानपणी खाली कापलं किंवा शिवलं होतं का?’ असं साधं विचारा. दुभाषी हॉस्पिटलचा घ्या. नवरा, सासू, नणंद नको (आपल्याकडे सासूच सगळं सांगते, ती सवय इथंच सोडून जा). शिवलेलं असेल तर बाळंतपणाआधी किंवा कळांत उघडतात. नंतर नवऱ्यानं कितीही विनवलं तरी पुन्हा तसं शिवायचं नाही, ते बेकायदा आहे.