समुद्रातलं काम काठावर शिकायचं

अगं पोरी,

मेसेज वाचला तुझा. दीपगृहाच्या बांधकामावर प्रोजेक्ट करायचाय आणि सगळे म्हणतायत सोलापुरात बसून समुद्र काय कळणार, त्यापेक्षा उजनी धरणावर काहीतरी कर. उजनीही मोठं काम आहे, पण तुझं मन दीपगृहात असेल तर तेच घे. आणि सुरुवात एडिस्टोनच्या दीपगृहापासून कर, कारण ते नीट वाचलंस तर तुझ्या लक्षात येईल की त्यातलं निम्मं काम समुद्रात झालेलंच नाही.

थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधे प्लिमथपासून साधारण २२ किलोमीटर आत समुद्रात एक खडक आहे, भरती आली की जवळजवळ सगळा पाण्याखाली. त्यावर पहिलं दीपगृह हेन्री विन्स्टन्ली नावाच्या माणसानं १६९८ मधे उभं केलं, १७०३ च्या मोठ्या वादळात ते वाहून गेलं आणि तो स्वतः त्या रात्री आतच होता. मग रडयर्ड नावाच्या माणसानं मुख्यतः लाकडाचं बांधलं, ते चाळीसेक वर्षं चांगलं टिकलं पण १७५५ मधे वरच्या दिव्याच्या खोलीत आग लागली आणि सगळं जळालं. त्यानंतर काम आलं जॉन स्मीटनकडं. वय तिशीच्या जरा पुढं, मूळ धंदा वैज्ञानिक उपकरणं बनवायचा. त्यानं ठरवलं की बांधायचं तर दगडातच.

आता इथं थांब आणि नीट बघ. खडकावर काम करायला मिळायचे ते ओहोटीचे थोडे तास, तेही समुद्र शांत असेल तर, कधी कधी तर बोट खडकाला लागायचीच नाही. म्हणून त्यानं कामगारांच्या दोन टोळ्या केल्या, एक खडकावर, दुसरी प्लिमथच्या यार्डात, आणि आलटून पालटून. यार्डात प्रत्येक थराचे दगड घडवायचे, जमिनीवर एकमेकांत बसवून बघायचे, खुणा करायच्या, मगच बोटीत चढवायचे. दगड एकेक टन-दोन टनांचे, कडा डोव्हटेलच्या, म्हणजे सुतार लाकडात खाच करून सांधा अडकवतो तशा, त्यामुळं एक दगड सुटा ओढून काढता येत नाही. सगळ्यात खालच्या थरांसाठी तर खडकालाच पायऱ्या आणि खाचा पाडल्या. मोर्टार, म्हणजे दगड सांधायचा चुन्याचा मसाला, घट्ट होईपर्यंत लाटेनं दगड हलू नये म्हणून ओकच्या पाचरी ठोकल्या, आणि एका थरावरून दुसरा सरकू नये म्हणून मधे संगमरवराचे ठोकळे बसवले. खडकावर गेल्यावर विचार करायला वेळच नव्हता गं, विचार सगळा आधी झालेला होता. १७५९ च्या ऑक्टोबरमधे दिवा लागला, चोवीस मेणबत्त्यांचा.

पण मला विचारशील तर त्याचं सगळ्यात मोठं काम चुन्याचं. साधा चुना हवेतच घट्ट होतो, पाण्याखाली नाही. त्यानं वेगवेगळ्या ठिकाणच्या चुनखडीचा चुना घेऊन गोळे केले आणि पाण्यात ठेवून बघितले, दगड ॲसिडमधे विरघळवून खाली काय उरतं ते तपासलं, आणि त्याला दिसलं की ज्या चुनखडीत चिकणमाती मिसळलेली असते तिचा चुना पाण्यातही घट्ट होतो. त्यात इटलीहून आणलेली ज्वालामुखीची राख मिसळून मोर्टार केलं. आपण आज जे सिमेंट वापरतो त्याची वाट इथूनच पुढं गेली. आणि हा सगळा प्रयोग जमिनीवरचा आहे, त्याला समुद्र लागत नाही!

तू हेच कर. रंगाच्या दुकानातून कळीचा चुना आण, वीटभट्टीवरून भाजलेल्या विटांचा चुरा आण आणि दळून अगदी बारीक करून घे, म्हणजे आपली सुरखी. आपल्याकडं जुन्या हौदांना, विहिरींना चुन्यात सुरखी घालायचे ते याचसाठी, भाजलेली माती चुन्याला पाण्यात धरायला लावते. एक गोळा नुसत्या चुन्याचा, एक सुरखी घातलेला, एक सिमेंटचा, थोडे आवळू देऊन पाण्यात टाक आणि रोज बघून वहीत लिही. सुरखीवाला हळू घट्ट होतो, घाई करू नकोस. चुना विरवताना, म्हणजे कळीवर पाणी घालताना, ग्लोव्हज आणि गॉगल पाहिजेच, उकळून उडतो तो, डोळ्यात गेला तर डोळा जाईल.

दुसरं म्हणजे स्मीटनचा टॉवर पुढं का काढावा लागला ते वाच. टॉवर धडधाकट होता, पण खालचा खडक लाटांनी पोखरला गेला आणि मोठी लाट आली की सगळं हादरायचं. म्हणून १८८२ मधे शेजारच्या खडकावर जेम्स डग्लस नावाच्या इंजिनियरनं नवा बांधला, जुन्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथला नेऊन उभा केला, बुंधा अजून तिथंच आहे. तू काळ्या मातीतली पोरगी आहेस, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग आणि पावसात फुगलेली जमीन, त्यावर तडकलेल्या भिंती लहानपणापासून बघितल्यास. इमारत चांगली आणि खालची जमीन दगा देते हे तुला पुस्तकातून शिकावं लागणार नाही, तुझ्या प्रोजेक्टमधे हा एक चॅप्टरच कर.

वेळ उरला तर स्कॉटलंडचं बेल रॉक घे, १८११ मधे दिवा लागला, रॉबर्ट स्टीव्हन्सनचं काम. तिथं कामगारांना राहायला खडकावर आधी लाकडी खांबांवरचं घर उभारलं. ते व्हायच्या आधी, पहिल्याच वर्षी, बोट वाहत गेली आणि ३२ माणसं भरती चढत असताना खडकावर अडकली होती, टपाल घेऊन आलेल्या एका बोटीमुळं वाचली. सुटकेची सोय आधी करायची, मग काम, हे साइटवर गेल्यावर पहिल्या दिवशी विचारायचं, लाजायचं नाही. आणि मुंबईला गेलीस तर कुलाब्याच्या टोकापुढं समुद्रात प्राँग्स रीफचं दीपगृह आहे, १८७५ चं, ते लांबून का होईना बघून ये.

रविवारी सकाळी घरी ये, सुरखी चाळायची चाळण माझ्याकडं आहे. वही आण.

तुझे,
सर