विद्यापीठाच्या बिलावरचा लेखा-कोड कसा वाचायचा?

बिलावरच्या लेखा-कोडचा, म्हणजे खर्चाची नोंद कुठे करायची ते सांगणाऱ्या क्रमांकाचा, हा प्रश्न कोल्हापुरातून आला आहे, म्हणून आधी तिथल्या विद्यापीठाबद्दल एक गोष्ट. 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाला कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातली महाविद्यालये संलग्न आहेत, पण ती विद्यापीठाचे विभाग नव्हेत; कोडमधला ‘विभाग’ म्हणजे ती नव्हेत. त्यांचे हिशेब त्यांचे स्वतंत्र; विद्यापीठाच्या वहीत त्यांच्याकडून येते ते संलग्नता आणि परीक्षा शुल्क, तेही जमेच्या बाजूला.

आता कोड. कुठल्याही विद्यापीठात त्याने तीन गोष्टी सांगायला हव्यात: पैसा कुठल्या निधीतला, खर्च कुठल्या विभागाचा आणि कशावर. समजा 02-014-310. इथे 02 म्हणजे संशोधन अनुदान, 014 रसायनशास्त्र, 310 रसायने व काचसामान. हेच सामान विभागाच्या नेहमीच्या तरतुदीतून घेतले तर 014-310 तेच राहते, फक्त निधी बदलतो. सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथेच! प्रकल्पाचे बिल चुकून विभागाच्या निधीवर पडले, की उपयोगिता प्रमाणपत्रातला (अनुदान कशावर खर्च झाले ते अनुदान देणाऱ्याला सांगणाऱ्या दाखल्यातला) आकडा वहीशी जुळत नाही आणि अनुदानाचा पुढचा हप्ता अडकतो. चूक सापडताच जर्नल एन्ट्रीने (वहीतल्या दुरुस्तीच्या नोंदीने) खर्च योग्य निधीवर वळवा, 31 मार्चची वाट बघू नका.

उपकरण टिकाऊ असेल तर ‘कशावर’च्या जागी भांडवली शीर्ष (टिकाऊ वस्तूंच्या खर्चाचा क्रमांक) लावा आणि जडवस्तू नोंदवहीचा (टिकाऊ वस्तूंची नोंद ठेवायच्या वहीचा) पान क्रमांक बिलावर लिहा.

एक्सेलमध्ये कोडचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा. नाहीतर 014 चा 14 होतो आणि ताळमेळ बसत नाही. विभाग बंद पडला किंवा दुसऱ्यात विलीन झाला, तरी त्याचा जुना क्रमांक नव्या विभागाला कधीही देऊ नका.