गच्ची गळते म्हणून मेंटेनन्स थांबवला, आता वसुलीची नोटीस आली

प्रश्न: दहिसरला सात मजली सोसायटीत सातव्या मजल्यावर आमचा ७०० चौरस फुटांचा फ्लॅट आहे. एकूण ५६ सभासद. गेले दोन पावसाळे गच्चीतून पाणी झिरपून बेडरूमचं छत गळतंय, प्लास्टर पडतंय. कमिटी म्हणते, "गच्ची तुमच्या डोक्यावर आहे, तुम्हीच दुरुस्त करा." शेवटी आम्ही मेंटेनन्स बंद केला. चौरस फुटाला ६ रुपये, म्हणजे महिन्याला ४,२०० रुपये. छोट्या ४५० फुटांच्या फ्लॅटला मात्र २,७००. आता १४ महिन्यांचे ५८,८०० रुपये आणि २१ टक्क्यांनी ८,३३५ रुपये व्याज मागितलंय, कलम १५४ब-२९ खाली वसुलीला जाण्याची नोटीस दिलीय आणि पाणी तोडण्याची धमकीही. आम्ही काय करावं?

उत्तर: ताई, गच्चीच्या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे, थकबाकीच्या बाबतीत ती कमकुवत आहे. पैसे अडवल्यामुळे हे दोन विषय एकमेकांत अडकले आणि त्याचा फायदा कमिटीलाच होतोय. आधी ते सोडवून घ्या, म्हणजे पैसे भरा.

कारण असं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यातलं थकबाकी वसुलीचं १५४ब-२९ हे कलम. त्याखालच्या अर्जावर उपनिबंधक (सहकार खात्याचे अधिकारी) बिलं, खातेउतारा, दराचा ठराव आणि मागणीची नोटीस पाहतात. गच्ची गळते की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नसतो. गळतीचं नुकसान मेंटेनन्समधून स्वतःच वळतं करून घेण्याची मुभा सभासदाला नाही. वसुली दाखला एकदा निघाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते आणि जप्ती फ्लॅटपर्यंत येऊ शकते. शिवाय थकबाकीदार सभासद कमिटीच्या निवडणुकीला उभा राहू शकत नाही. कमिटी बदलणं हाच पुढे उपाय ठरला, तर ती वाट तुम्ही स्वतःच बंद केलेली असेल.

भरताना व्याज मात्र तपासून घ्या. उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, थकबाकीवर जास्तीत जास्त दरसाल २१ टक्के आणि तेही सरळ व्याज लावता येतं. ४,२०० रुपयांवर महिन्याला ७३ रुपये ५० पैसे होतात. पहिलं बिल १४ महिने थकलं, दुसरं १३, असं शेवटच्या बिलापर्यंत मोजलं तर एकूण १०५ महिन्यांचं व्याज होतं, म्हणजे ७,७१७ रुपये ५० पैसे. तुमच्याकडे मागितलेले ८,३३५ रुपये दरमहा व्याजावर व्याज लावलं की बरोबर येतात. सोसायटीच्या बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये चक्रवाढीचा पर्याय चालू राहून गेला की असं होतं आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. फरक जेमतेम सहाशे रुपयांचा आहे, पण लेखी हरकत घ्या, कारण हाच हिशेब प्रत्येक थकबाकीदाराला लागला असणार. २१ हा आकडा कमाल आहे, दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा असतो. त्या ठरावाची प्रत मागा. ठरावात दर कमी असेल तर व्याज पुन्हा मोजावं लागेल.

तेव्हा ५८,८०० मुद्दल आणि ७,७१७.५० व्याज चेकने किंवा एनईएफटीने भरा, रोख देऊ नका. सोबतच्या पत्रात कोणती रक्कम कोणत्या महिन्यांच्या मुद्दलापोटी आणि कोणती व्याजापोटी ते स्पष्ट लिहा, नाहीतर सोसायटी आधी सगळं व्याज वळतं करून मुद्दल बाकी दाखवेल. "हक्क राखून आणि हरकत नोंदवून भरणा करत आहे" हे वाक्य पत्रात हवंच. पत्राच्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

आता चौरस फुटाचा हिशेब. सोसायटीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर १९६० चा अधिनियम लिहिलाय की १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा, ते आधी बघा. अपार्टमेंट असेल तर सामाईक खर्च अविभक्त हिश्श्याच्या (सामाईक मालमत्तेतल्या प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याच्या) प्रमाणात वाटला जातो आणि मोठ्या फ्लॅटला जास्त येणं योग्यच. सहकारी संस्था असेल तर सगळा मेंटेनन्स सरसकट फुटावर लावता येत नाही. वॉचमन, सफाई, जिन्याचे दिवे, ऑफिस, ऑडिट हे सेवाशुल्क प्रत्येक फ्लॅटला समान. लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतल्या सर्वांना समान, तळमजल्यावाल्यांनाही. मालमत्ता कर महापालिकेने त्या फ्लॅटला लावला असेल तितका, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी साठवलेला निधी) किमान ०.२५ टक्के, जमिनीची किंमत सोडून. त्यामुळे या दोन्हींत मोठ्या फ्लॅटला थोडं जास्त येणारच. सेवांचा खर्च क्षेत्रफळावर लावू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात म्हटलेलं आहे. तुमच्या ४,२०० मध्ये कोणत्या बाबीचे किती, हे फोडून दाखवणारं बिल मागा. त्याशिवाय जादा किती घेतले ते ठरवता येणार नाही, आणि नुसतं "अन्याय होतोय" म्हणून चालत नाही.

गच्चीबद्दल उपविधी स्पष्ट आहेत. गच्ची, कठडे, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची. गच्चीतल्या गळतीने सर्वांत वरच्या फ्लॅटच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर तेही सोसायटीकडेच येतं. गच्ची अख्ख्या इमारतीचं छप्पर आहे, सातव्या मजल्याचं नव्हे. मात्र तुमच्याच बाथरूमची किंवा सिंकची गळती असेल तर खर्च तुमचा. म्हणून गळती कुठून येते याचा पुरावा हवा. ओल फक्त पावसात दिसते की मे महिन्यातही? मेमध्येही दिसत असेल तर वरची टाकी किंवा तिचा पाइप तपासा. त्याचीही जबाबदारी सोसायटीचीच. पावसातच दिसत असेल तर गच्चीवर जाऊन तीन जागा बघा: पाणी उतरायच्या पाइपचं तोंड कचऱ्याने बुजलंय का, ब्रिकबॅट कोब्याचा (स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थराचा) उतार बसून पाणी साचतंय का, आणि स्लॅब कठड्याला मिळते तिथल्या वाट्याला (कोपऱ्यातल्या सिमेंटच्या गोलाईला) चीर गेलीय का. पाणी बहुतेकदा या वाट्यातूनच आत शिरतं, आणि कोब्यात फिरून भलत्याच खोलीत उतरतं. तारखेसह फोटो काढा, आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचा लेखी अहवाल घ्या. सोसायटीला न विचारता स्वतः वॉटरप्रूफिंग करू नका. तो खर्च परत मिळवायला वेगळं भांडावं लागतं. गच्चीवर पत्रे टाकायचा विचार असेल तर सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी लागते.

अहवाल जोडून कमिटीला लेखी तक्रार द्या. तिच्यावर पुढच्याच बैठकीत निर्णय घेऊन १५ दिवसांत कळवणं कमिटीवर बंधनकारक आहे. "फंड नाही" असं उत्तर आलं तर हिशेबात दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड किती आहे ते बघा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. तोवर थांबायचं नसेल तर एक पंचमांश, म्हणजे तुमच्याकडे १२ सभासदांच्या सह्यांनी विशेष सभेची मागणी करता येते. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सह्या सहज मिळतील, बाकीच्यांना अहवाल दाखवा. काम पावसाळ्यापूर्वी व्हायचं तर कोटेशनं डिसेंबर-जानेवारीत मागवली गेली पाहिजेत, कारण एप्रिलनंतर चांगला वॉटरप्रूफिंगवाला मिळत नाही.

एवढं करूनही हलले नाहीत तर गळती आणि जादा आकारणी या दोन्हींसाठी कलम ९१ खाली सहकारी न्यायालयात दावा करा. त्यात गच्चीची दुरुस्ती, छताच्या प्लास्टरचा खर्च आणि पुराव्यासह नुकसानभरपाई मागता येते, शिवाय दावा चालू असताना अंतरिम आदेशही. थकबाकी शून्य असलेला खातेउतारा दाव्याला जोडता आला तर सोसायटीच्या वकिलाकडे पहिलाच आक्षेप उरत नाही.

पाणी तोडण्याचा अधिकार उपविधींनी कमिटीला दिलेला नाही. धमकी लेखी असेल तर जपून ठेवा, तोंडी असेल तर त्याच दिवशी ईमेल करून तिचा उल्लेख करा. प्रत्यक्ष तोडलंच, तर त्याच दाव्यात तातडीच्या आदेशासाठी अर्ज करा.

उपनिबंधकांकडून सुनावणीची नोटीस आली असेल किंवा पैसे भरल्यानंतर आली, तरी त्या तारखेला हजर राहाच. भरण्याच्या पावत्या, व्याजाचा तक्ता आणि हरकतीचं पत्र लेखी म्हणण्यासोबत द्या. गैरहजर राहिलात तर चक्रवाढीचा तोच आकडा एकतर्फी दाखल्यात जाईल.