परवडणारी घरं आणि वस्ती-विकास या क्षेत्रात वकिली करायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की एलएल.बी.चं शेवटचं वर्ष आहे, मुंबईत गरिबांच्या घरांसाठी काम करायचंय, पण त्यावर पोट भरेल का ही धास्ती आहे. पोट भरतं. मी पंधरा वर्षं हेच करतेय. झोपडपट्टी पुनर्वसन, म्हाडाच्या वसाहती, सोसायट्यांचा पुनर्विकास, एवढ्यावर माझं ऑफिस चालतं.

कायदे मोजकेच आहेत. १९७१चा झोपडपट्टी कायदा, १९७६चा म्हाडा कायदा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचे पुनर्विकासाचे निर्देश, २०१६चा रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायदा, आणि विकास नियंत्रण नियमावलीतले ३३(५), ३३(७), ३३(१०), म्हणजे अनुक्रमे म्हाडा वसाहती, जुन्या उपकरप्राप्त इमारती आणि झोपडपट्टी यांच्या पुनर्विकासाचे नियम. नेटाने बसलात तर सहा महिन्यांत वाचून होतील. पण झोपडपट्टीच्या कामात सगळं अडतं ते एका यादीपाशी, परिशिष्ट-२ पाशी. कोण पात्र, कोण अपात्र, हे त्यात ठरतं. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर घर मोफत, त्यानंतरची पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर सशुल्क. पुरावा नसेल तर काहीच नाही.

सुरुवातीच्या वर्षांत एक मावशी माझ्याकडे आल्या. साडीच्या दुकानाच्या पिशवीत चाळीस वर्षांचे कागद, आणि यादीत नावापुढे 'अपात्र'. मतदारयादीत त्यांचं माहेरचं नाव, लाइटबिल सासऱ्यांच्या नावावर, फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र, नवऱ्याचा. त्यात तिन्हीवर झोपडीचा क्रमांक वेगळा, कारण मध्ये सर्व्हे होऊन दारांवर नवे नंबर पडले होते. मी तीन रविवार त्या गल्लीत घालवले. शेजाऱ्यांच्या जुन्या पावत्या बघत जुन्या आणि नव्या क्रमांकांचा तक्ता केला, लग्नाचा दाखला जोडला आणि अपील टाकलं. मावशी पात्र ठरल्या. त्याच तक्त्याच्या आधारे गल्लीतली आणखी काही घरं पात्र ठरली. अपिलात कायद्याचा मजकूर जेमतेम अर्धं पान होता.

म्हणून मराठी पक्कं ठेवा. हायकोर्टात इंग्रजी लागतं, पण नोटिसा, शासन निर्णय, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त हे सगळं मराठीत असतं, आणि पुढे प्रकरण उभं राहतं किंवा पडतं ते त्या इतिवृत्तावरच.

एक गोष्ट कॉलेजात कुणी सांगणार नाही. सोसायटीच्या वकिलाची फी पुष्कळदा विकासकाच्या खिशातून येते. याची सवय लागली की विकासकाने रहिवाशांना द्यायच्या भाड्याची आणि बँक गॅरंटीची करारातली कलमं आपोआप मऊ होतात, हे मी जवळून पाहिलंय. फी सोसायटीच्या खात्यातून, सोसायटीच्या ठरावाने घ्या. मग रहिवाशांशी बोलताना मान वर राहते. विकासकाकडे नोकरी करण्यात मला काही गैर वाटत नाही, टायटल सर्च (जमिनीच्या मालकीची तपासणी) आणि मालमत्ता पत्रक वाचायला तिथे उत्तम शिकता येतं. मात्र एकाच वस्तीत दोन्ही बाजूंनी उभं राहायचं नाही.

रखडलेल्या योजनांचं काम सगळ्यात जास्त आहे. विकासकाकडून मिळणारं भाडं बंद झालेलं, संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, मुलं मोठी झालेली. झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली विकासकाला काढता येतं, पण त्या लढ्यातही वर्षं जातात. जुलै २०२४मध्ये अशाच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने या कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा घ्यायला मुंबई हायकोर्टाला सांगितलं. तो निकाल पूर्ण वाचा.

सुरुवातीला दोन वर्षं अशा सीनियरकडे काढा, ज्यांच्याकडे शिखर तक्रार निवारण समितीपुढची, म्हणजे झोपडपट्टी योजनांच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीपुढची, कामं येतात. सोबत विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलची चौकशी करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो, त्यामुळे घराची प्रकरणं तुमच्यापर्यंत येतील. पैसा पहिली तीन-चार वर्षं कमीच, त्याची तयारी घरच्यांशी बोलून ठेवा.

आणि सनद यायची वाट बघू नका. ओळखीच्या वस्तीतून एक परिशिष्ट-२ मिळवा आणि फक्त 'अपात्र' शेऱ्याची कारणं वहीत उतरवून काढा. पन्नास नावं झाली की प्रश्न घेऊन परत इथेच विचारा, मी उत्तर देईन.