डॉमिनिकाला पहिल्यांदा जाताना: सात रात्रींचा बेत

तुमचा बेत मी दोनदा वाचला. पुण्याहून तुम्ही दोघे आणि अडुसष्ट वर्षांच्या आई अटलांटाला मुलीकडे येणार, तिथून ऑगस्टमध्ये चार दिवस कॅरिबियनमधले डॉमिनिका बेट आणि पुढे बोटीने तीन दिवस ग्वाडेलूप व मार्टिनिक करणार, सगळे शाकाहारी, आणि आईंना फार चढउतार झेपत नाही. डॉमिनिकात मी दोनदा राहिलो आहे, २०१६ च्या मार्चमध्ये आणि २०२३ च्या फेब्रुवारीत, आणि त्या अनुभवावरून सांगतो की बेट तुम्ही उत्तम निवडले आहे, पण महिना बदला, शेजारची दोन बेटे वगळा आणि सगळ्या सात रात्री डॉमिनिकालाच द्या.

शेजारची बेटे वगळायचे कारण कागदपत्रांचे आहे. भारतीय पासपोर्टवर डॉमिनिकाला आगाऊ व्हिसा लागत नाही. परतीचे तिकीट आणि राहण्याचा पत्ता जवळ ठेवावा लागतो. ग्वाडेलूप आणि मार्टिनिक ही मात्र फ्रान्सची भूमी आहे. बोटीने दोन तासांचे अंतर असले तरी तिथे उतरणे म्हणजे फ्रान्समध्ये उतरणे, आणि युरोपसाठी घेतलेला साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालतो असे धरून चालू नका. त्या प्रदेशांसाठी व्हिसा वैध असल्याची नोंद त्यावर असावी लागते. अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हेही तिकीट काढण्यापूर्वी पाहा, कारण बेटावरून परतताना तुम्ही अमेरिकेत नव्याने प्रवेश करणार आहात.

तिकीट काढताना आणखी एक काळजी घ्या. डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत. तुम्हाला उतरायचे आहे ते डग्लस-चार्ल्स विमानतळावर, ज्याचे संक्षिप्त नाव ‘डीओएम’ आहे; सँटो डोमिंगोचे तिकीट निघाले तर तुम्ही भलत्याच देशात पोहोचाल. मायामीहून थेट विमान २०२१ च्या डिसेंबरपासून सुरू झाले आहे, त्यामुळे अटलांटा, मायामी, डॉमिनिका हा मार्ग तुम्हाला सोयीचा पडेल. २०१६ मध्ये मला दुसऱ्या बेटावर विमान बदलून जावे लागले होते. परतीच्या दिवशी छोटे विमान पावसामुळे चार तास उशिरा सुटले, पुढचे विमान चुकले आणि ती रात्र विमानतळाच्या बाकावर काढावी लागली. आई बरोबर असताना दोन विमानांमध्ये दीड तासाचे अंतर मुळीच ठेवू नका, आणि अटलांटाहून भारतात परतण्याचे विमान त्याच किंवा दुसऱ्या दिवशीचे घेऊ नका.

आता महिन्याबद्दल. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा काळ १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात आणि त्यातही ऑगस्टचा उत्तरार्ध व सप्टेंबर हे सर्वांत धोक्याचे. २७ ऑगस्ट २०१५ रोजी ‘एरिका’ वादळाच्या पावसाने डॉमिनिकातले डोंगर खचले आणि पेतित सव्हान हे अख्खे गाव रिकामे करावे लागले. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री ‘मारिया’ हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ थेट बेटावर आदळले. जे रान मी पहिल्या भेटीत इतके दाट पाहिले होते की खालची नदी फक्त ऐकू येत असे, त्याच्या जागी दुसऱ्या भेटीत अनेक उतारांवर उंच, शेंडे तुटलेली खोडे उभी होती आणि त्यांच्या पायथ्याशी नवी पालवी दाटली होती. घरांवर नवे पत्रे होते, आणि बोलता बोलता प्रत्येक जण ‘मारियाच्या आधी’ आणि ‘मारियानंतर’ अशीच काळाची विभागणी करत होता. ज्यांनी हे सोसले त्यांच्या घरी आपण पाहुणे म्हणून जातो, याचे भान ठेवून वादळाविषयी प्रश्न जपूनच विचारावेत. ते स्वतःहून बोलू लागले तर मात्र शांतपणे ऐकावे.

म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ घ्या. तेव्हाही डोंगरात पाऊस पडतोच, पण तो सर येऊन जाणारा असतो. राखेच्या बुधवारापूर्वीचे (ॲश वेन्सडे, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस) सोमवार आणि मंगळवार कार्निव्हलचे असतात. त्या दिवशी दुकाने, बस आणि कार्यालये बंद राहतात, एवढे पाहून तारखा ठरवा. सुट्टीमुळे उन्हाळाच घ्यावा लागला, तर निदान जुलैचा पहिला आठवडा धरा आणि तिकीट बदलता येईल असेच काढा.

हे बेट पांढऱ्या वाळूचे नाही, हे आईंना आणि मुलीला आधीच सांगून ठेवा. किनारे बहुतेक काळ्या ज्वालामुखी वाळूचे किंवा गोट्यांचे आहेत. मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी होतात त्याच्या जवळजवळ सव्वापट, म्हणजे सुमारे ७५० चौरस किलोमीटरचे हे बेट समुद्रातून सरळ उभे राहिले आहे, आणि त्याचे सर्वांत उंच शिखर मॉर्न डायब्लोटिन्स १,४४७ मीटरचे आहे. कलिनागो या मूळ रहिवाशांनी त्याला ‘वाइटुकुबुली’ म्हटले, म्हणजे ‘उंच आहे तिची काया’. अंतरे नकाशावर फसवी दिसतात. विमानतळ ईशान्येला आणि राजधानी रोझो नैर्ऋत्येला. मध्ये साठेक किलोमीटरचा घाट, आणि त्याला दीड तास लागतो. पावसात दरड आली तर किती लागेल हे कोणी सांगू शकत नाही. पहिल्या भेटीत मी रोझोतच मुक्काम ठेवून रोज सगळीकडे जाऊन येण्याचा बेत केला होता आणि निम्मा वेळ गाडीत गेला. तुम्ही तसे करू नका. तीन रात्री उत्तरेला पोर्ट्समथला, तीन रात्री रोझोच्या खोऱ्यात, आणि शेवटची रात्र विमानतळाजवळ मॅरिगो किंवा कॅलिबिशीला.

पोर्ट्समथजवळची इंडियन रिव्हर आईंसाठी सर्वांत सुखाची जागा आहे. या नावाचा आपल्याशी संबंध नाही; युरोपीयांनी ज्यांना ‘इंडियन’ म्हटले त्या कलिनागो लोकांची वस्ती तिच्या काठी होती. इंजिन लावायला मनाई असल्यामुळे नावाडी वल्ह्यांनी होडी नेतो आणि तास-दीड तास पाण्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही. दोन्ही काठांवर ज्या झाडांची मुळे लाटांसारखी वळत पाण्यात उतरतात, ती आपल्या बिबल्याच्या सख्ख्या कुळातली आहेत; साल खरवडली की तसाच लाल चीक येतो. सकाळी पहिली होडी घ्या. तिथूनच कॅब्रिट्सच्या टेकडीवरचा फोर्ट शर्ली हा अठराव्या शतकातला इंग्रजी किल्ला हाकेच्या अंतरावर आहे. पहाटे उठण्याची तयारी असेल तर सिंडिकेटच्या रानात जा. राष्ट्रध्वजावर असलेला सिसेरू पोपट जगात फक्त याच बेटावर आहे आणि मारियानंतर तो फारच दुर्मीळ झाला आहे. त्याचा लहान भाऊबंद जॅको मात्र दिसण्याची चांगली शक्यता असते. या बेटावर विषारी साप नाहीत, हे रानात शिरताना आईंना जरूर सांगा.

रोझोच्या खोऱ्यातला मोठा प्रश्न उकळत्या सरोवराचा. मॉर्न त्र्वा पितों राष्ट्रीय उद्यानातले, सुमारे साठ मीटर रुंदीचे हे सरोवर म्हणजे पाण्याने भरलेले ज्वालामुखीचे धुराडे आहे. राखाडी पाणी मधोमध खदखदत असते आणि वाऱ्याने वाफ बाजूला झाली तरच ते दिसते. लोदा गावाजवळून चालत जाऊन येण्यास सहा ते सात तास लागतात. वाट चिखलाची, पायऱ्या उंच, आणि शेवटच्या टप्प्यात ‘व्हॅली ऑफ डेसोलेशन’ ही गंधकाच्या वाफांची ओसाड दरी उतरून ओलांडायची. सह्याद्रीत नियमित जाणाऱ्याला हे कठीण नाही, पण वाटाड्याशिवाय जाऊ नये, कारण त्या दरीत पातळ कवच कुठे आहे आणि खाली उकळते पाणी कुठे आहे हे नवख्याला कळत नाही. तुम्हा दोघांपैकी एकानेच जावे आणि दुसऱ्याने आईंबरोबर थांबावे, हे मला योग्य वाटते. यासाठी खोऱ्यातला पहिला पूर्ण दिवस ठरवा आणि दुसरा मोकळा ठेवा. वाटाडा सकाळी आभाळ पाहून ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. २०१६ मध्ये मला तसे सांगितले गेले, माझ्याकडे मोकळा दिवस नव्हता, आणि सरोवर पाहण्यासाठी मला सात वर्षे थांबावे लागले. चार दिवसांच्या बेताला माझा विरोध आहे तो मुख्यतः यामुळे.

त्या दिवशी आईंना वॉटन वेव्हनच्या गंधकाच्या गरम कुंडांवर न्या. वज्रेश्वरीची कुंडे त्यांनी पाहिली असतील तर हा वास ओळखीचा वाटेल. पाण्यात उतरण्यापूर्वी जोडवी, पैंजण, जे काही चांदीचे असेल ते काढून ठेवा, गंधकामुळे चांदी काळी पडते. आणि रक्तदाब असेल तर अगदी थोडाच वेळ बसू द्या. ट्रफाल्गरचे जोडधबधबे पाहण्याचा कट्टा दहा-पंधरा मिनिटांच्या सोप्या वाटेवर आहे, पुढच्या खडकांवर त्यांनी जाऊ नये. रोझोच्या बंदरात मोठे पर्यटक जहाज लागले असेल त्या दिवशी दुपारपर्यंत इथे गर्दी असते, म्हणून जहाजांचे वेळापत्रक आधी पाहून घ्या. राजधानीच्या वनस्पती उद्यानात १९७९ च्या ‘डेव्हिड’ चक्रीवादळात कोसळलेली गोरखचिंच आणि तिच्याखाली चेपलेली पिवळी बस अजून तशीच ठेवली आहे. झाडाला पुन्हा फांद्या फुटल्या आहेत. तिथून चालत गेले की विंडसर पार्कचे क्रिकेट मैदान. २०२३ च्या जुलैमध्ये मुंबईकर यशस्वी जयस्वालने कसोटी पदार्पणात १७१ धावा केल्या आणि अश्विनने सामन्यात बारा बळी घेतले, ते इथेच. सामना नसला तरी दार उघडे असेल तर विनंती करून आत डोकावता येते.

जेवणाबद्दल तुम्हाला वाटते तेवढी चिंता नाही, पण विचारल्याशिवाय काही खाऊ नका. इथला राष्ट्रीय पदार्थ कॅलालू म्हणजे अळूच्या पानांचे नारळाच्या दुधातले दाट सार, आपल्या फतफत्याचा जवळचा नातेवाईक. मात्र त्यात पुष्कळदा खेकडा किंवा खारवलेले मांस घालतात. ‘मांस-मासे नकोत’ एवढे सांगणे पुरत नाही, ‘मटणाचे पाणीही नको’ असे सांगावे. सर्वांत निर्धास्त जागा म्हणजे रास्ताफारी (जमैकात उगम पावलेला एक धर्मपंथ) लोकांची ‘आयटल’ खानावळ, तिथे मांस, मासे, अंडी काहीच नसते आणि मीठही बेताचे असते. बाजारातून अळकुड्या, सुरणासारखे याम, कच्ची केळी आणि नीरफणस घ्या. कोकणात आपण नीरफणसाच्या कापा करतो, इथे तो अख्खा निखाऱ्यावर भाजतात. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत आणि गोडा मसाला बरोबर ठेवलात तर आईंचे दोन्ही वेळचे जेवण घरचेच होईल. शनिवारची सकाळ रोझोच्या बाजारासाठी राखून ठेवा.

पैशांचा हिशेब सोपा आहे. पूर्व कॅरिबियन डॉलरचा दर अमेरिकी डॉलरला २.७० असा कायम बांधलेला आहे. अमेरिकी नोटा सगळीकडे घेतात, पण सुटे स्थानिक चलनात मिळतात, आणि गावांत कार्ड चालत नाही. वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे तुम्हाला गाडी चालवता येईल. तात्पुरता स्थानिक परवाना गाडी भाड्याने देणाराच काढून देतो. वळणे आंधळी आहेत, तेव्हा प्रत्येक वळणावर हॉर्न द्या आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचा. नंबर ‘एच’ने सुरू होणाऱ्या छोट्या व्हॅन म्हणजे इथल्या बस, त्या स्वस्त आहेत, पण भरल्यावरच सुटतात आणि रविवारी जवळजवळ नसतात. लष्करी छपाईचे कपडे नागरिकांनी घालणे इथे कायद्याने गुन्हा आहे, म्हणून सगळ्यांच्या टोप्या आणि पाठीवरच्या पिशव्याही तपासा. दुकानात शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे आणि मग विचारायचे. थेट किंमत विचारणे उद्धटपणाचे समजतात. आईंच्या प्रवासविम्यात दुसऱ्या देशात उपचारांसाठी हलवण्याचा खर्च आहे ना, हे पाहून घ्या.

शेवटच्या दिवशी रोझोहून निघताना थेट रस्ता सोडून पाँ कासेच्या तिठ्यावरून एमराल्ड पूल (हा पूल नव्हे, धबधब्याखालचा डोह), कासल ब्रूस गाव आणि कलिनागो प्रदेश या वाटेने जा. एमराल्ड पूलची वाट झाडांच्या सावलीतली आणि दहा-पंधरा मिनिटांची आहे. कलिनागो प्रदेश म्हणजे १९०३ मध्ये राखून ठेवलेली सुमारे ३,७०० एकरांची जमीन. ती कोणा एकाच्या मालकीची नाही, साऱ्या समाजाची आहे. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या सिल्व्हानी बर्टन याच समाजातल्या आहेत. त्यांना जुन्या ‘कॅरिब’ या नावाने संबोधू नका, ते नाव त्यांनी अधिकृतपणे बदलून घेतले आहे. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तोच कसावा किसून, त्यातले विषारी पाणी पिळून काढून, ही मंडळी मोठ्या तव्यावर त्याची भाकरी भाजतात. ती गरम असतानाच आईंना द्या. टोपल्या लारूमा नावाच्या लव्हाळ्याच्या असतात आणि विणकर शेजारीच बसलेली असते. घासाघीस न करता घ्या. विणलेली टोपली सामानातून नेता येते, फळे आणि रोपे मात्र अमेरिकेच्या विमानतळावर काढून घेतील, म्हणून पिकलेले आंबे त्या रात्री मुक्कामावरच संपवा.