डॉक्टरनं आधी ‘तो’ की ‘ती’ एवढं तरी विचारायचं

प्रश्न: ताई, नमस्कार. मी 26 वर्षांचा, खानापूर तालुक्यातला, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. जन्म मुलीचा पण मी मुलगाच आहे हे मला शाळेपासून माहीत आहे. आमच्याकडं बायकाबी ‘येतो’, ‘जातो’ म्हणतात त्यामुळं माझं बोलणं खपून जायचं. दिवाळीत घरात सांगितलं. आई यल्लम्माला नवस बोलली आणि बाबा एका मानसिक डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरनी मला बाहेर बसवून बाबांशीच बोलून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, वर ‘लग्न करा, ठीक होईल ती’. मी वेडा आहे का? परत असल्यांकडं कशाला जायचं?

उत्तर: वेडाबिडा काही नाहीस रे. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांची नवी यादी केली ना, आयसीडी-11, 2022 पासून लागू झालेली, त्यात जन्माचं लिंग आणि मनातली ओळख न जुळणं हे मानसिक आजारांच्या प्रकरणातनं काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेलंय. आणि ‘बदलून दाखवतो’ म्हणणारे उपचार म्हणजे कन्व्हर्जन थेरपी, ती डॉक्टरनं करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे असं नॅशनल मेडिकल कमिशननं 2022 मध्येच सांगितलंय. लग्न हे औषध नव्हे, ते तुझंही वाटोळं आणि त्या दुसऱ्या माणसाचंही.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय टोचलं सांगू, ते ‘ठीक होईल ती’. ‘येतो’ मध्ये लपता येतं रे, पण आपल्याबद्दल दुसरं कोण बोलाय लागलं की मराठीत लपायला जागाच नाही, ‘ती आली’, ‘तिचं जेवण’, दिवसातनं पन्नासदा. कन्नडात निदान स्वतःबद्दल बोलताना ‘नानु बंदे’ (मी आलो किंवा मी आले) बाईलाही तेच, बुवालाही तेच. म्हणून नीट शिकलेला समुपदेशक पहिल्याच दिवशी विचारतो, तुला काय म्हणू, कुठल्या नावानं हाक मारू, आणि घरच्यांसमोर काय म्हणू. तिसरा प्रश्न विसरणारे लई आहेत, आणि घोटाळा तिथंच होतो.

मग जायचं कशाला? तू खरा की खोटा हे तपासून घ्यायला नाही. झोप उडालीय, जेवण जात नाही, मनात नको ते विचार येतात, त्यासाठी. उदासी असेल तर तिच्यावर उपचार होतात, तू मुलगा असण्यावर नाही, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणारा माणूस हवा. पुढं हार्मोन किंवा ऑपरेशनचा विचार केलास तर डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र मागतात, तेव्हाही त्याचं काम तुला नीट माहिती आहे का, तुझी तयारी आहे का हे बघणं, गेटवर वॉचमनसारखं अडवणं नव्हे.

आधी फोन करूनच विचार, माझ्यासारख्या ट्रान्स माणसांबरोबर काम केलंय का, मला एकट्याला भेटाल का. उत्तर देताना आढेवेढे घेतले तर दुसरा बघ. आणि तू सज्ञान आहेस, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुझं बोलणं गुप्त ठेवायला ते बांधलेले आहेत, जिवाला धोका वगैरे अपवाद सोडले तर बाबांना परस्पर सांगता येत नाही. बेळगावात ओळखीचं कोणी भेटेल अशी भीती असेल तर धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बसनं दोन तासांत पोचशील. रात्री अपरात्री जीव घाबरला तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, 14416, फुकट आहे, मराठीतही बोलतात. त्या झोपेच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं एकदम बंद करू नकोस, नव्या डॉक्टरला चिठ्ठी दाखव.

आईवर चिडू नको. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर देवीला वाहिलेले, बायकांच्या वेशातले जोगप्पा तिनं लहानपणापासून बघितलेत, त्यांच्यातल्याच लोककलावंत मंजम्मा जोगतींनी 2021 ला पद्मश्री घेताना राष्ट्रपतींची पदरानं दृष्ट काढली ते टीव्हीवर बघितलं असेल तर तेही आठवेल. तुझा रस्ता तो नाही, पण बोलणं सुरू करायला ते पुरे आहे. बाबांना सध्या राहू दे. दोन-तीन भेटी झाल्या की समुपदेशकालाच विचार, त्यांना कधी बोलवायचं, आणि त्या दिवशी खोलीत आधी तू बस.