वर्षाच्या आकड्याखाली बघायला शिका

वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं लाखोंना जातं, हे आधी डोक्यातून काढा. ती नाणी चलनात भरपूर आली. ‘विकून देतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे गंडे घालतात. 2021 मध्ये बँकेनेच तसं सावध केलं होतं.

खरी गंमत वर्षाच्या आकड्याखाली असते. नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं, त्याची बारीक खूण तिथे असते. दहापट भिंग घ्या, नाणं उजेडात जरा तिरकं धरा. पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. झिजलेली चौकट ठिपक्यासारखी दिसते, तेव्हा कोपरे शोधा. 1985 च्या रुपयावर ‘एच’ दिसला तर तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या टांकसाळीतला. किमतीपेक्षा नजर तयार करायला तो फार छान.

मग नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवा. आपल्या नाण्यांची मागची बाजूही सरळच यायला हवी. किंचित कललेली असेल तर सोडून द्या. पार आडवी किंवा उलटी आली तर साचा फिरलेला आहे, ते नाणं वेगळं ठेवा. ठेचलेली, घासलेली, तापवलेली नाणी मात्र ‘एरर’, म्हणजे टांकसाळीतच चुकलेली नाणी, नव्हेत.

भाव ठरवताना विक्रेता काय मागतो ते बघू नका, लिलावात तसंच नाणं, तशाच अवस्थेत, कितीला गेलं ते बघा. आणि कृपा करून चिंच, पितांबरी लावू नका. मूळ झळाळी एकदा गेली की जाणकार हातही लावत नाही.